कळणं वेगळं, हलणं वेगळं

“करंगळी बाहेर ढकला. माझ्या बोटाला ढकलून द्या. थांबू नका,” डॉक्टर अपेक्षा म्हणाली, आणि हितेंद्र घाडीने दात आवळून पुन्हा जोर लावला.

अंगातलं सगळ्यात बिनकामाचं वाटावं असं ते बोट. दादरच्या नाट्यगृहात अख्खी भिंत एका दोरीवर पेलणारा हा माणूस परळच्या इस्पितळातल्या गार खोलीत टेबलावर हात टाकून बसला होता, करंगळीने एका मुलीचं बोट ढकलत होता, आणि त्याला घाम फुटला होता. करंगळीखालच्या मांसल भागावर दोन चकत्या चिकटवलेल्या होत्या. त्यांच्या वायरी यंत्रात गेल्या होत्या. सुरुवातीलाच डॉक्टरने मनगटावर एक बारीक झटका दिला होता. करंगळी आपोआप उडाली होती आणि मॉनिटरवर एक डोंगर उमटला होता. मज्जातंतूने हाक मारली की स्नायू किती जोरात ओ देतो, त्याचं ते चित्र, असं तिने सांगितलं. आता बोट दमवायचं, मग हात अगदी स्वस्थ ठेवायचा, आणि अधूनमधून तोच झटका देऊन डोंगर मोठा होतो की लहान ते बघायचं. इतकीच तपासणी.

दाराजवळच्या स्टुलावर हितेंद्रची आई मालन बसली होती. मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत स्टीलचा डबा. डब्यात गुळाचा शिरा. पहाटे उठून तिने तो तुपात परतून केला होता. हितेंद्रला काही झालं की घाडींच्या घरात एवढा एकच उपाय होता. त्याआधी त्याच्या बापाला काही झालं की हाच होता.

“झालं. आता हात सोडा. हलवायचा नाही,” डॉक्टर म्हणाली.

हितेंद्रने हात सोडला. खरी परीक्षा आता होती, आणि ती त्याच्या हातात नव्हती.

गेल्या पंधरवड्यातली गोष्ट. नाटकाचा दोनशेवा प्रयोग झाला. या नाटकात दुसऱ्या अंकात मागची भिंत अंधारात वर जाते आणि तिच्यामागे समुद्र दिसतो. भिंत लाकडी चौकटीवर कापड ताणून केलेली असली तरी भारी जड. दोरी एकट्या हितेंद्रच्या हातात. प्रवेश सुरू झाल्यापासून तो विंगेत दोरी ताणून उभा राहायचा आणि समोरच्या विंगेतला हिरवा दिवा लागला की ओढायचा. ते काम दुसरं कुणी मागत नसे. प्रयोगानंतर निर्मात्याने सगळ्यांना वडे-मटण दिलं, वर भात, वर जिलबी. सेट टेम्पोत चढवून हितेंद्र डिलाईल रोडला घरी आला आणि झोपला. सकाळी जागा झाला तेव्हा मानेखालचं सगळं शरीर तांदळाच्या पोत्यासारखं पडलेलं होतं. डोळे फिरत होते, मान वळत होती, जीभ चालत होती. हात उचलायला जावं तर हात आपला नव्हताच जणू.

असं आधीही झालं होतं, पण सुट्टीच्या दिवशी, कुणाच्या डोळ्यांवर न येता. त्या दिवशी दुपारी दादरला प्रयोग होता.

नाटकाचा व्यवस्थापक वैभव स्वतः चाळीत आला. तो वयाने लहान, हुद्द्याने मोठा. त्यामुळे दोघं एकमेकांना तू म्हणायचे. दारात उभा राहून त्याने हितेंद्रला नीट पाहिलं. त्याच्या पाठीमागे अर्धी गॅलरी गोळा झाली होती. हितेंद्र शुद्धीत होता, बोलत होता, काय होतंय ते सांगत होता. वैभवने वाकून त्याच्या पोटरीला चिमटा काढला. हितेंद्र कळवळला.

“कळतंय ना?” वैभव म्हणाला. “मग उठ. डोळे चालतात, तोंड चालतं, फक्त काम चालत नाही. आयुष्यभर नाटकाच्या मागे राहिलास, आता सोंग करायला लागलास?”

मागून कुणीतरी हसलं. गॅलरीच्या टोकाला खुर्ची टाकून बसलेले म्हातारे अप्पा हितेंद्रच्या बापाचं नाव घेऊन तिथूनच म्हणाले, “चंदूचोच झील. दुसरा काय होतला.”

दिवस कलल्यावर हितेंद्र आपला आपण उठला आणि स्वतःच्या पायांनी मोरीत गेला. हे तर आणखी वाईट झालं. चार दिवस आडवा राहिला असता तर लोकांनी विश्वास ठेवला असता.

दादरला त्या दुपारी भिंत अर्ध्यावर अडकली. दिवे आले तेव्हा समुद्राऐवजी प्रेक्षकांना लोंबती भिंत आणि तिच्याखाली धावपळ करणारे चार पाय दिसले. लोक पोट धरून हसले. नाटक दुःखी होतं. वैभवने दोरी दुसऱ्याकडे दिली आणि हितेंद्रला निरोप पाठवला, की खुर्च्या-टेबलं उचलायची असतील तर ये, भिंतीचं नाव काढू नकोस.

हितेंद्र गेला नाही. तो इस्पितळात आला. तिथे रक्त तपासलं ते चांगलं निघालं. दुखणं येऊन गेल्यावर रक्त चांगलंच निघतं, असं डॉक्टर अपेक्षाने सांगितलं, आणि आजची तारीख दिली.

झटका बसला. करंगळी उडाली. मॉनिटरवर डोंगर आला. पहिल्यापेक्षा जरासा मोठाच.

“वाढला,” हितेंद्र म्हणाला. म्हणजे यंत्रही अप्पांच्याच बाजूचं निघालं.

“सुरुवातीला वाढतो,” डॉक्टर म्हणाली. “घाई करू नका. हात हलवू नका.”

तिने खुर्ची जवळ ओढली. वाट बघायचीच होती, तेव्हा तिने विचारलं, काय होतंय ते समजून घ्यायचंय का. हितेंद्र म्हणाला, “सोंग नाही एवढं समजलं तरी पुरे. पण सांगा.”

तिने सांगितलं ते असं. स्नायूचा प्रत्येक धागा म्हणजे एक लांबट पेशी. तिला पातळ आवरण असतं. आवरणाच्या आत पोटॅशियम जास्त, बाहेर सोडियम जास्त. दोन्हींवर धन विद्युतभार. आवरणात बारीक बारीक दारं असतात. पोटॅशियमची काही दारं सदा किलकिली, त्यातून पोटॅशियम थोडं थोडं बाहेर झिरपतं आणि आपला धन भार बाहेर नेतं. म्हणून आतली बाजू बाहेरच्या मानाने ऋण राहते. शिवाय आवरणात एक पंप असतो. तो तीन सोडियम बाहेर टाकतो, दोन पोटॅशियम आत घेतो. जन्मापासून मरेपर्यंत थांबत नाही. आपण खातो त्यातली बरीच ताकद हा पंप चालवण्यातच जाते.

“म्हणजे प्रत्येक पेशी एक छोटी बॅटरी,” ती म्हणाली. “घड्याळातल्या सेलच्या मानाने फारच कमजोर, व्होल्टचा दहावा हिस्साही नाही. पण आवरण इतकं पातळ, की तेवढ्यावर सगळं शरीर चालतं.”

“आणि पेशी कामाला लागली की बॅटरी चालू होते?”

“उलट. स्वस्थ असते तेव्हाच ती पूर्ण भरलेली असते. पुस्तकात त्याला विश्रांतीची स्थिती म्हणतात, पण ती सैल नसते. आत-बाहेरचा फरक ताणून धरलेला असतो. हाक आली की सोडियमची दारं उघडतात, सोडियम आत घुसतं, क्षणभर सगळं उलटं होतं, आणि स्नायू आखडतो. मग ती दारं अडकतात. पुन्हा पूर्ण ताण आला तरच ती पुढच्या हाकेसाठी तयार होतात.”

हितेंद्रला विंगेतली दोरी आठवली. विंगेत उभं राहून तो काय करायचा ते त्याने आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलं नव्हतं. प्रेक्षकांतला कुणी वाकून बघता तर म्हणाला असता, हा माणूस नुसता उभा आहे. दोरी जराही सैल पडली तर हिरवा दिवा लागल्यावर पहिली ओढ ढिलाई भरून काढण्यातच जाते आणि भिंत हेलकावे खाते. खरी मेहनत दिवा लागण्याआधीची.

“माझी दोरी सैल पडते,” तो म्हणाला.

“तसंच म्हणा. आवरणातल्या एका दाराला जन्मापासून फट आहे असं मला वाटतंय. त्यातून नको तो भार आत गळतो. एरवी निभावून जातं. पण रक्तातलं पोटॅशियम खाली गेलं की गळती वरचढ होते, ताण उतरतो, सोडियमची दारं अडकून बसतात. मेंदू हाक मारतोय, मज्जातंतू निरोप पोचवतोय, आणि स्नायू ओ देत नाही.”

बोलता बोलता ती झटके देत होती. आणि मॉनिटरवरचा डोंगर उतरायला लागला होता. आधी जेमतेम, मग दिसेल इतका. डॉक्टर मॉनिटरकडे वळली. पुढचा झटका. डोंगराची टेकडी झाली होती. त्यापुढचा. टेकडीही खचली. पहिल्या डोंगराच्या निम्मीसुद्धा ती उरली नव्हती. करंगळी आता उडत नव्हती, नुसती थरथरत होती.

हितेंद्रने मात्र वेगळंच विचारलं. “मॅडम, झटका तुम्ही कमी केलात?”

“नाही. तेवढाच आहे.”

“लागतोय तेवढाच. पहिल्याइतकाच लागतोय. मग बोट का उडत नाही?”

“लागणारच,” डॉक्टर म्हणाली. “कळवणारे तंतू वेगळे, ते ठणठणीत आहेत तुमचे. बिघाड स्नायूच्या आवरणात आहे. कळणं वेगळं, हलणं वेगळं.”

स्टुलावर डबा वाजला. मालनच्या मांडीवरून पिशवी घसरली होती. तिने ती सावरली आणि दोन्ही हातांनी धरून ठेवली.

डॉक्टरने तिच्याकडे वळून विचारलं, “मावशी, घरात आणखी कुणाला असं व्हायचं का? यांच्या वडिलांना?”

“नाही,” मालन चटकन म्हणाली. “त्यांना काही नव्हतं.”

हे उत्तर ती तीस वर्षं देत आली होती. चाळीत, गावी, हितेंद्रला सांगून आलेल्या मुलींच्या घरी. हितेंद्रने आईकडे पाहिलं नाही. हात न हलवता, मॉनिटरकडे बघत तो म्हणाला, “होतं, मॅडम. बाबांना होतं.”

आणि त्याने सांगितलं. त्याचा बाप चंदू घाडी लोअर परळच्या एका मिलमध्ये बदली कामगार होता. अप्पा तिथले जॉबर. कुणाला कामावर घ्यायचं, कुणाला दारातून परत पाठवायचं, ते अप्पा ठरवायचे, आणि चंदूला त्यांनीच लावलं होतं. सणाला पुरणपोळ्या झाल्या, लग्नाचं जेवण झालं, की दुसऱ्या दिवशी चंदू उठायचा नाही. दुपारनंतर उठून हिंडायचा. दारू पितो म्हणावं तर तोंडाला वास नाही. देवाचं काही म्हणून गावी नेऊन गाऱ्हाणी घातली. शेवटी एका सकाळी अप्पा स्वतः खोलीत आले. चंदूला चौघांनी धरून गॅलरीत आणून टाकलं, आणि अप्पांनी तोंडातली पेटती विडी त्याच्या पोटरीवर टेकवली. खरोखरच पाय गेला असेल तर कळणार नाही, असा त्यांचा हिशेब. चंदू ओरडला. पाय जागचा हलला नाही. पण पायाकडे कुणी बघतच नव्हतं, सगळे तोंडाकडे बघत होते. “बघा, कळता त्येका,” अप्पा म्हणाले, आणि गॅलरी हसली. हितेंद्र तेव्हा पहिलीत होता. मिलचं दार चंदूला बंद झालं, आणि तेव्हापासून त्याचं नाव सोंग्या. कावीळ होऊन मेला तेव्हाही कुणीतरी म्हणालं, नीट बघा रे, उठेल.

डॉक्टर अपेक्षाने यंत्र बंद केलं. मग म्हणाली, “ज्याने ती विडी लावली त्याने तपासणी बरोबरच केली. उत्तर चुकीचं वाचलं.”

तिने चकत्या काढल्या, हात पुसून दिला. मोठे सर बघतील, रक्त जनुकांच्या तपासणीला जाईल, पण मला शंका नाही, असं ती म्हणाली. मग तिने पथ्य सांगितलं. पोटॅशियमचं औषध पाण्यातून घ्यायचं. अंग जड वाटायला लागलं की लगेच. कष्टाच्या कामानंतर एकदम बसायचं नाही, हळूहळू चालत राहायचं. आणि गोड नाही, भाताचा डोंगर नाही. गोड खाल्लं की इन्सुलिन वाढतं आणि ते रक्तातलं पोटॅशियम पेशींत ओढून नेतं. ज्याला हा आजार आहे त्याला अशक्तपणा आला म्हणून साखर द्यायची म्हणजे आगीत तेल.

“डब्यात काय आहे, मावशी?” तिने सहज विचारलं.

मालन डब्याच्या झाकणावर हात ठेवून होती. “भाजी,” ती म्हणाली.

हितेंद्रने बाही खाली केली.

निघताना डॉक्टरने विचारलं, कामाच्या ठिकाणी द्यायला लिहून देऊ का, की यांना हलकं काम द्यावं.

“हलकं काम लिहू नका,” हितेंद्र म्हणाला. “आजार लिहा. काम मी बघतो.”

“दोरी हातात असताना झालं तर?”

“तुम्हीच सांगा. होईल?”

तिने विचार करून उत्तर दिलं. काम चालू असताना सहसा होत नाही. कामानंतर, विसाव्यात होतं. पण मी हमी देणार नाही. शेजारी माणूस ठेवा.

इस्पितळाबाहेर आल्यावर हितेंद्रने आईला घरी जायला सांगितलं. त्याला दादरला जायचं होतं, उद्याच्या प्रयोगासाठी आज सेटची डागडुजी चालू होती. मालन म्हणाली, मी पण येते. वीस वर्षं मुलगा नाटकात होता, आणि ती नाट्यगृहाच्या पायरीवरही कधी चढली नव्हती. बसमध्ये तिने खिडकीबाहेर बघत एकदाच विचारलं, “त्या इडीचा, त्या चटक्याचा तुका आठवता?”

“आठवता.”

“माका वाटला, तू लहान हुतंस.”

दादर आलं तशी ती उठली.

रंगमंचावर भिंत आडवी पडलेली होती आणि सुतार तिची चौकट ठोकत होता. प्रकाशयोजनेचा माणूस शिडीवर. स्वरूप नावाचा हितेंद्रचा जोडीदार ट्रंकेवर बसून चहा पीत होता. वैभव मोबाइलवर कुणाशी तरी तारखांची घासाघीस करत होता. हितेंद्रला बघून त्याने फोन खाली घेतला. मालन मागच्या दाराशीच, दोऱ्यांच्या भेंडोळ्यांजवळ उभी राहिली.

हितेंद्रने थोडक्यात सांगितलं. आजाराचं नाव सांगितलं, ते त्यालाही नीट उच्चारता आलं नाही. वैभवने ऐकून घेतलं. वाईट माणूस नव्हता तो. त्याचा चेहरा उतरला.

“सॉरी यार,” तो हळू आवाजात म्हणाला. “मला खरंच माहीत नव्हतं. पण हितू, भिंत राहू दे. समज, हातात असताना तुला झालं, आणि खाली नट उभे आहेत. मी कुणाला तोंड देऊ?”

“हे बरोबर बोललास. म्हणून शेजारी स्वरूपला उभा कर. दोरीचा शेपटा त्याच्या हातात राहू दे, खुंटीला एक वेढा राहू दे. ताण मी धरणार.”

“बघू. उद्याचा प्रयोग जाऊ दे.”

“आणि सॉरी असं हळू नको.”

“म्हणजे?”

“सोंग तू माझ्या दारात म्हणालास. चाळ ऐकत होती, मग इथे येऊन तू या सगळ्यांना सांगितलंस. जे सगळ्यांसमोर दिलंस ते कोपऱ्यात परत घेऊ नकोस. सगळ्यांसमोर घे. मग दोरीचं बोलू.”

वैभव हसायला गेला, पण हितेंद्र हसत नव्हता. त्याचा उजवा हात अजून जड होता आणि तो त्याने लपवला नव्हता, बाजूला तसाच लोंबत ठेवला होता. सुताराचा हातोडा थांबला होता. शिडीवरचा माणूस खाली बघत होता.

“ऐका रे,” वैभव शेवटी म्हणाला. “हितूला खराखुरा आजार आहे. स्नायूंचा. मी जे बोललो ते चुकीचं बोललो. उद्या भिंतीवर तो आहे. स्वरूप, तू त्याच्याबरोबर.”

“म्हणजे त्या दिवशी भिंत मीच अडकवली यावर शिक्कामोर्तब झालं,” स्वरूप चहाचा ग्लास ठेवत म्हणाला, आणि सगळे हसले. हितेंद्रही हसला. सुतार पुन्हा ठोकायला लागला.

हितेंद्र आईला घ्यायला मागच्या दाराशी गेला. मालनने एका जाड दोरीवर हात ठेवला होता. “हीच?” तिने विचारलं. तो हो म्हणाला. तिने ती मुठीत धरून जरा ओढून बघितली, आणि सोडली.

डिलाईल रोडला पोचले तेव्हा दुपार उलटली होती. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत नेहमीची वर्दळ. कुणी पापड उलटे करत होतं, कुणी पोराला अंघोळ घालत होतं, दोघं-तिघं कठड्याला टेकून गप्पा मारत होते. टोकाला अप्पा, खुर्चीत, एक पाय समोरच्या पाटावर लांब करून. ऐंशीच्या पुढे गेले होते. मिल गेली, जॉबरकी गेली, तोंडातली विडी तेवढी राहिली होती. खालून कोण आलं, वर कोण चाललं, यावर त्यांची नजर अजून होती.

हितेंद्र खोलीचं कुलूप काढायला वळला. मागे पावलं ऐकू आली नाहीत म्हणून त्याने बघितलं. मालन खोली ओलांडून पुढे गेली होती.

“अप्पानू,” ती म्हणाली. ती ज्या स्वरात पाण्याची वेळ विचारायची त्याच स्वरात. “ह्यांच्या पायाक तुम्ही इडी लावलात.”

अप्पांना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा ते म्हणाले, “खयची गजाल काढतंस, मालन? तीस वर्सां झाली.”

“ह्यांका चटको कळलो, म्हणान तुम्ही सगळ्यांका सांगितलात, सोंग आसा. कळतलोच, अप्पानू. कळणां वेगळां, हलणां वेगळां. कातडीक काय एक झालेला नाय हुता. मांस हाकेक ओ दी नाय हुता. आज डॉक्टरणीन यंत्र लावन दाखवल्यान. माझ्या डोळ्यांनी बघितलंय.”

कठड्यावरच्या गप्पा थांबल्या. पापडांवरची बाई उभी राहिली.

“मी काय डॉक्टर?” अप्पा म्हणाले. “माका काय म्हायत?”

“मगे तसाच म्हणा. म्हायत नाय हुता, म्हणा. सगळ्यांसमोर म्हणा.”

“आता म्हणान काय? तो खयसून ऐकतलो?”

“मी आयकतंय,” मालन म्हणाली.

हितेंद्र किल्ली हातात घेऊन उभा होता. आई पुढे काय बोलेल हे त्याला ठाऊक नव्हतं; ती बोलेल हेच ठाऊक नव्हतं. तिचा आवाज चढला नव्हता. ती थोडी वाकली, कारण अप्पांना कमी ऐकू यायचं, आणि म्हणाली, “तो डाग चितेर ठेवीपर्यंत पायाक हुतो. मी बघितलंय. ह्यांच्या अंगावर तुमचीच तेवढी सही गेली.”

अप्पांनी गॅलरीकडे नजर टाकली. ज्यांना ते पोरं म्हणायचे त्यांची आता पोरं मोठी झाली होती, आणि सगळी त्यांच्याकडे बघत होती. त्यांनी विडी तोंडातून काढली.

“माका म्हायत नाय हुता,” ते पुटपुटले.

“तेव्हा मोठ्यान सांगितलात.”

“माका म्हायत नाय हुता,” अप्पा म्हणाले. या वेळी ते दुसऱ्या टोकापर्यंत गेलं. मग त्यांनी आणखी एक वाक्य जोडलं, जे त्यांच्याकडे कुणी मागितलं नव्हतं. “चंदू कामाक वाईट नाय हुतो.”

आंघोळीचं पोर ओल्या अंगाने मालनकडे बघत होतं.

मालनने पिशवीतून डबा काढला. “शिरो आसा,” ती म्हणाली. “तुपातलो. आमच्याकडे आता चलाचो नाय.” आणि तो पाटावर ठेवायला ती खाली वाकली.

अप्पांच्या बोटांत विडी अजून जळत होती. वाकलेली मालन पायाजवळ आलेली बघून त्यांनी पाटावरचा पाय झटकन खुर्चीखाली ओढून घेतला.

मालनने डबा ठेवला. सरळ उभी राहिली नाही. पाय होता त्या जागेकडे, मग खुर्चीखाली गेलेल्या त्या पायाकडे ती बघत राहिली. म्हातारा, वाळलेला, भेगांचा पाय. विडी न टेकताच, हाक मारायच्या आधी हलला होता.